चार घरांचं कोमट

ठकीच्या अंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवायचं, मग मनगट, मग गाल, आणि तरीही खात्री पटली नाही तर पुन्हा कोपर, असा तिच्या आईचा रोजचा क्रम होता. गाल बुडवायला बाथरूमच्या फरशीवर जवळजवळ लोटांगण घालावं लागे. तेवढं सगळं होईस्तोवर पाणी गार. मग त्यात गरम ओतायचं, म्हणजे आलं पुन्हा कोपर. या फेऱ्यांमध्ये टॉवेलात गुंडाळलेली ठकी झोपून जाई, आणि झोपलेल्या बाळाला अंघोळीसाठी उठवू नये असं बालसंगोपनाच्या पुस्तकात छापलेलं असल्यामुळे टबातलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना जाई. कुंड्या मोठ्या टवटवीत दिसत होत्या.

“झाडं न्हाऊन निघाली,” सासूबाई म्हणाल्या. “आता पोरीचं काय ते बघा.”

या सगळ्याला एक कारण होतं, आणि ते कारण वरच्या मजल्यावर राहत होतं. त्यांना सगळी इमारत कर्नल म्हणे. ते सैन्यात कधीच नव्हते, विमा कंपनीत होते. पण खोकायचे असे की ऐकणारा आपोआप ताठ उभा राही. गच्चीवरच्या बॉयलरपासून गरम पाण्याचा एकच पाइप चार घरांच्या बाथरूममधून खाली उतरत होता. सगळ्यांत वर कर्नल, त्यांच्याखाली ठकीचं घर, मग सोसायटीचे सेक्रेटरी, आणि तळाशी गाण्याच्या बाई. गार पाण्याचाही एकच पाइप, तोही अशक्त. कर्नलांनी फ्लश ओढला की गार पाणी सगळं त्यांच्याकडे धाव घेई आणि खालच्यांच्या नळातून नुसतं वाफाळतं येई. एकदा ती ठकीला नळाखाली धरून साबण धूत असताना कर्नलांनी नेमका फ्लश ओढला. तिने ठकीला चटकन मागे घेतलं. ठकीला काहीसुद्धा झालं नाही. लाल झालं ते तिचंच मनगट, आणि रडली तीही तीच. ठकीने आईचं रडणं मोठ्या कुतूहलाने शेवटपर्यंत पाहिलं.

तेव्हापासून नळाजवळ गेलं की तिचा हात थरथरे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ती माठातलं पाणीसुद्धा आधी बोट बुडवून बघू लागली.

“राहू दे गं. तुझा हात कापतो. मी आहे ना,” सासूबाई म्हणाल्या.

‘मी आहे ना’ या निकालावर अपील नसतं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई आत आणि ती दाराबाहेर टॉवेल धरून, लग्नात दुसऱ्यांच्या पर्स सांभाळत बसलेल्या बाईसारखी. आतून ठकीचं खिदळणं ऐकू येई. सबंध दिवसात ठकी दूध पिताना अर्धी झोपलेली असे, कपडे घालताना रागावलेली असे आणि कडेवर असताना दुसरीकडेच कुठेतरी बघत असे. अंघोळीची तेवढी एकच वेळ ती पूर्ण जागी, पूर्ण उघडी आणि पूर्ण आईची होती. नेमकी तीच हातची गेली. बरं, सासूबाईंना बोलायचं तरी काय? त्यांनी दोन पोरं आणि पाच भाचरं न्हाऊ घालून मोठी केली होती. एवढंच की शेगडीवरचं उकळतं पातेलं त्या फडक्याशिवाय उतरवत, आणि अशा हाताला जे कोमट वाटतं त्यात इतरांचा चहा झाला असता. हे तोंडाने म्हणण्याची प्राज्ञा घरात कोणाचीच नव्हती. ती दाराबाहेर उभी राहून आतल्या वाफेकडे बघे.

सल्ले मात्र मिळत होते. “गार पाण्याने घाला! लहानपणापासून सवय हवी. मी बघा, बाराही महिने गार,” कर्नल जिन्यात म्हणाले. गाण्याच्या बाई म्हणाल्या, “न्हाऊ घालताना गुणगुणावं. सूर स्थिर झाला की हात स्थिर होतो.” तिने गुणगुणून पाहिलं. हाताबरोबर सूरही थरथरला. सेक्रेटरी म्हणाले, “बॉयलरबद्दल तक्रार असेल तर पुढच्या वार्षिक सभेत मांडा.” पुढच्या वार्षिक सभेपर्यंत ठकी चालत येऊन स्वतःच तक्रार मांडू शकली असती.

दुपारी घर शांत झालं की ती ठकीशेजारी आडवी होऊन भिंतीला कान लावी. भिंतीच्या आतून पाणी जाई. आधी वरून एक हलकी कुजबुज, मग कानाशी एक लांब श्वास, मग खाली कुठेतरी मावळत जाणारी गुळगुळ. ऐकता ऐकता डोळे जड होत आणि तिला वाटे, ही इमारत म्हणजे एक मोठं, भलं, झोपाळू जनावर आहे. गच्चीवर त्याचं डोकं ऊन खात पडलंय, आणि त्याच्या एका उबदार शिरेला आपण चार कुटुंबं चिकटून राहतोय. या जनावराला कोणीतरी सांगायला हवं, की बाबा रे, आमच्या घरावरून जाताना जरा जपून. पण सांगणार कसं? त्याला कान कुठले? मध्येच तिला आठवे की आपण इंजिनिअरिंगची पदवी पहिल्या वर्गात घेतली आहे आणि असले विचार त्या पदवीला शोभत नाहीत. पण पदवी कपाटात होती, आणि कपाटाच्या दाराला ठकीची गाडी लावलेली होती.

अशाच एका दुपारी तिला खिडकीतली मेणबत्ती वाकलेली दिसली. वीज गेली तर असावी म्हणून तिथे ठेवलेली. उन्हाने कमरेत लवून, खाली बघत, मोठ्या विनयाने उभी होती. ती बराच वेळ त्या मेणबत्तीकडे बघत राहिली. मेणालाही कान नसतात, पण ऊब कळते. ऊब लागली की ते मऊ होतं, वितळतं, फुगतं. निवलं की पुन्हा आक्रसतं. न सांगता, न चिडता. नळाच्या तोंडाशी असं मेण बसवलं, आणि पाणी फार गरम आल्यावर त्याने फुगून एक खुंटी पुढे ढकलली, वाट बंद केली, आणि निवल्यावर मागे सरून वाट मोकळी करून दिली, तर? मग हात थरथरला काय नि न थरथरला काय! या कल्पनेने तिला इतका आनंद झाला की ती ताडकन उठून बसली, त्याने ठकी जागी झाली, आणि संध्याकाळपर्यंत संशोधन बंद राहिलं.

“असलं विकत मिळत असेल की,” नवरा म्हणाला. “मागवून टाकू.” जगातल्या सगळ्या दुःखांवर त्याचा हाच उतारा होता. त्याने आधी मागवलेला, पाण्याचं तापमान सांगणारा प्लास्टिकचा मासा बाथरूमच्या बादलीत पालथा तरंगत होता. त्याला सगळंच पाणी लाल दिसे.

“विकतच्या वस्तूवर माझा विश्वास बसायला वर्ष जाईल,” ती म्हणाली.

“आणि स्वतः केलेल्यावर?”

“त्यात काय चुकू शकतं ते मला माहीत असेल.”

त्याच्या पेनातली स्प्रिंग आधीच गेलेली होती, हे त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कळलं. त्याने ऐटीत पेनाचं बटण दाबलं आणि रिफिल साहेबांच्या चहात जाऊन पडली.

मेण भरायला नळी हवी होती, धातूची, बारीक, आत काहीतरी सरकणारी. सारं घर धुंडाळल्यावर ती सापडली आरशाखालच्या खणात. लिपस्टिक! ठकी झाल्यापासून ओठांना काही लावायची सवड कोणाला होती? तिने लालभडक कांडी उकरून काढली, आत मेण भरलं, बाळाच्या दुधाच्या बाटलीच्या बुचाचं रबर खुंटीला लावलं आणि मागे नवऱ्याची स्प्रिंग. मेणात तेलाचे थेंब मिसळले की ते लवकर वितळतं, कमी मिसळले की उशिरा. म्हणजे नळ किती गरम पाण्याला बंद व्हावा हे तेलावर ठरवता येत होतं. आता फक्त ‘किती गरम’ तेवढं ठरवायचं होतं. इथे विज्ञान संपलं आणि घर सुरू झालं.

पुस्तकात आकडा दिला होता. सासूबाई म्हणाल्या, “पुस्तकाला कातडी असते का?” म्हणून जेवणाच्या टेबलावर पाण्याची पातेली मांडली गेली आणि घरातल्यांनी, पाठोपाठ शेजारच्यांनीही, बाह्या सरसावून त्यांत कोपरं बुडवली. सासूबाईंना जे कोमट वाटलं, त्यातून नवऱ्याने किंचाळून हात काढला. नवऱ्याच्या कोमटाला सासूबाई ‘फ्रिजमधलं’ म्हणाल्या. गाण्याच्या बाईंनी डोळे मिटून कोपर बुडवलं, बराच वेळ काढला नाही, आणि म्हणाल्या, “हे चांगलं आहे, पण याच्यात जीव नाही.” तिने सगळ्यांची मतं ऐकली, मान डोलावली, आणि गुपचूप पुस्तकातला आकडा धरला.

प्लंबरला बोलावलं. हा प्लंबर कशालाही ‘नाही’ म्हणत नसे. ‘टेन्शन नाही ताई’ म्हणून आधी भोक पाडायचं आणि मग ‘काय बसवायचंय?’ विचारायचं, ही त्याची रीत. त्याने नळाला बसवायचं यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, टोपणावरचं नाव वाचलं.

“ताई, ही तर लिपस्टिक.”

“होती. आता झडप आहे.”

“टेन्शन नाही. शेड कुठली होती? बायको विचारेल.”

झडप बसली. नळ सोडला, पाणी कोमट आलं. कर्नलांच्या फ्लशची वाट बघत सगळे उभे राहिले. फ्लशचा आवाज झाला, वाफ आली, आणि मेण विचारात पडलं. हाच तर मेणाचा दोष. ते वितळतं, पण सावकाश, सगळ्या बाजूंचा विचार करून. तेवढ्या अवधीत नवऱ्याने नळाखाली धरलेलं बोट तोंडात घातलं होतं. नंतर पाणी थांबलं, एकदम सुरेख थांबलं, पण नवऱ्याचं त्याकडे लक्ष नव्हतं.

मेणाला हाक मारणारं कोणीतरी हवं होतं. गार पाण्याचा जोर घटला की त्याच क्षणी कळवणारं. म्हणून तिने शेकायच्या रबरी पिशवीचा गोल तुकडा कापला, स्टीलच्या डबीच्या तोंडावर ताणून बसवला आणि डबी गार पाण्याच्या पाइपाला जोडून घेतली. पाण्याचा जोर असेपर्यंत रबर फुगलेलं राही. जोर पडला की ते खाली बसे आणि दाराच्या बेलचा खटका दाबला जाई. बेल चिमणीसारखी चिवचिवणारी होती. चिवचिव झाली की पाण्याखालून हात काढायचा, तोवर मेण आपलं काम करेल.

यंत्र उत्तम चाललं. फारच उत्तम. चारांतल्या कोणत्याही घरात कोणीही नळ सोडला की चिमणी बोले, आणि सासूबाई दार उघडायला जात. दिवसभर त्या दार उघडून रिकाम्या जिन्याला ‘कोण आहे?’ विचारत होत्या. ती मात्र टॉवेल धरून दाराबाहेर उभी राहता राहता चिमणीची भाषा शिकली. एकच लांब चिवचिव म्हणजे कर्नल. थांबून थांबून येणारी म्हणजे गाण्याच्या बाई: त्या तान घेताना नळ सोडत आणि सम आली की बंद करत, बहुधा तान कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि सकाळी चिमणी श्वास न घेता बोलतच राहिली तर ते सेक्रेटरी, ज्यांनी जिन्यात स्वतःच्या हाताने ‘पाणी हेच जीवन’ अशी पाटी लावली होती.

यातलं काही ती कोणाला बोलणार नव्हती. पण काळजी करणाऱ्या माणसाच्या तोंडून काळजी निसटतेच. जिन्यात सेक्रेटरी भेटले तेव्हा ती अगदी मनापासून म्हणाली, “तुमची तब्येत बरी आहे ना? आज अंघोळीला फारच वेळ लागला.”

सेक्रेटरींचा चेहरा त्या पाटीसारखा झाला.

त्याच संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. सभेला चार घरं आणि एक मांजर हजर होतं. सेक्रेटरींनी गळा साफ केला. “सामाईक पाइपावर एका सदस्याने परस्पर यंत्र बसवलं आहे. हे यंत्र इतर सदस्यांच्या, म्हणजे, खाजगी, म्हणजे...”

“अंघोळी मोजतं,” गाण्याच्या बाईंनी वाक्य पुरं केलं.

“मोजत नाही हो,” ती कासावीस होऊन म्हणाली. “फक्त कळतात.”

हे बोलायला नको होतं. कर्नल खोकले. सगळे ताठ झाले. चिमणी तिथल्या तिथे जप्त झाली. झडपेवर मात्र खल झाला, कारण झडप सगळ्यांनाच आवडली होती. भाजून सगळेच बसले होते. सेक्रेटरींनी दोन्ही तळवे एकमेकांना टेकवले आणि निर्णय दिला. “सामाईक पाइपावर एकालाच सोय देता येत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. बसवायची तर चारही घरांत, नाहीतर एकाही नाही. आणि एकाच दिवशी. नाहीतर उद्या म्हणाल, ह्याला आधी, त्याला मागाहून.”

“पण एकाच पाइपावर चार म्हटलं तर जरा...” ती म्हणाली. कुठेतरी मनाच्या तळाशी एक पुसट पान फडफडलं. एकमेकींना जोडलेल्या झडपांवर काहीतरी धडा होता. परीक्षेत त्याच्यावरचा प्रश्न पर्यायी होता, आणि तिने दुसरा पर्याय लिहिला होता.

“तत्त्व म्हणजे तत्त्व,” सेक्रेटरी म्हणाले.

चारही झडपा झाल्या नाहीत तर तिच्या घरचीसुद्धा काढावी लागणार होती; आणि झडपेशिवाय बाथरूमच्या दाराआत तिचं पाऊल पडायचं नाही. ती कामाला लागली. गाण्याच्या बाईंनी रिकाम्या लिपस्टिकांची अख्खी पिशवी आणून दिली. कार्यक्रमांच्या काळातल्या, म्हणाल्या. मग एकेकाचं कोमट. गाण्याच्या बाईंना ‘गळा मोकळा होईल इतपत’ हवं होतं. सेक्रेटरींना ‘नियमात बसेल ते’. कर्नल सर्वांसमोर गरजले, “मला झडप कशाला? आम्ही गारवाले!” आणि सगळे गेल्यावर हळूच दारात आले. आवाज एकदम घरचा झाला.

“सूनबाई, माझ्या मेणात तेल कमीच घाल. चांगलं कढत येऊ दे. गुडघे धरतात गं. आणि हे तुझ्यामाझ्यात.”

सुट्टीच्या दिवशी सकाळी प्लंबरने चारही झडपा बसवल्या, ‘टेन्शन नाही ताई’ म्हणाला आणि फोन बंद करून अंतर्धान पावला. सकाळ मोठी सुंदर होती. ऊन गॅलरीतून आत येऊन जमिनीवर पसरलं होतं, कुंड्या ओल्या होत्या, सगळ्या इमारतीत एकाच वेळी नळ सुटले होते आणि भिंतींमधून पाणी गुणगुणत चाललं होतं. सासूबाई ठकीला घेऊन आत गेल्या. “एवढं केलंस तर चालतंय का ते मी आधी बघते. मग तुझं तू बघ,” त्या म्हणाल्या. ती टॉवेल धरून उंबऱ्यावर उभी राहिली. हातात पाना, कारण न जाणो.

आधी सगळं छान झालं. मग तळाशी गाण्याच्या बाईंचं मेण फुगलं आणि त्यांची झडप मिटली. त्यांच्याकडे निघालेलं गरम पाणी म्हणालं, ठीक आहे, सेक्रेटरींकडे जातो. सेक्रेटरींचं पाणी तापलं, त्यांची झडप मिटली. मग ते वर आलं. इकडे ठकीच्या केसांना, पोटाला, कानामागे साबण लागलेला, आणि नळ बंद झाला. पाणी कर्नलांकडे गेलं. तोवर तळाचं मेण निवलं, झडप उघडली, आणि पाणी पुन्हा खाली धावलं. आणि पुन्हा वर. पाणी इमारतीत जिना चढू-उतरू लागलं. ज्याच्या घरी पोचेल त्याचा नळ जरा वेळ वाहायचा, तापायचा, मिटायचा. बाकी तीन घरं अंगाला साबण लावून उभी.

डक्टमधून आवाज येऊ लागले. वरून कर्नल: “पाणी! अरे पाणी!” मध्येच “आलं, आलं!” आणि लगेच “गेलं!” खालून सेक्रेटरी: “हे कोणाचं काम आहे ते मला माहीत आहे!” अगदी तळातून गाण्याच्या बाईंचं ‘अगं बाई’ आलं, चक्क सुरात.

तिला तो पर्यायी प्रश्न आता अक्षरन्‌अक्षर आठवला. पाच गुणांना होता.

“अगं, हे काय चाललंय!” सासूबाईंच्या डोळ्यांत साबण गेला होता. ठकी माशासारखी निसटत होती, नळ येत होता, जात होता, त्यांचे हात नळाकडे, ठकीकडे, डोळ्यांकडे एकाच वेळी जाऊ बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंना काय करावं ते कळेना. “धर हिला! धर, धर, माझ्याच्यानं नाही होत!”

तिने पाना टाकला आणि ठकीला घेतलं. सासूबाई डोळे चोळत बाहेर गेल्या. दार लोटलं गेलं.

बाथरूममध्ये वाफ होती आणि उंच खिडकीतून उतरलेला उजेडाचा एक तिरपा पट्टा. नळ गप्प होता. ठकी मांडीवर, पांढरीशुभ्र, फेसाची. नुसते डोळे तेवढे काळेभोर. तिने पाइपावर तळहात ठेवला. दुपारभर ऐकलेलं ते मोठं जनावर आता हाताखाली होतं. ते खाली गेलं होतं. तळाशी पोचलं. वळलं. पाइपात एक बारीक शहारा आला, मग ऊब, आणि तिने ठकीला पुढे धरलं त्याच क्षणी नळातून पाणी आलं. कोमट. तिने केस धुतले. पाणी गरम होऊ लागलं, आणि जास्त होण्याआधीच मेणाने वाट मिटली. नळ थांबला. ठकीने तोंड उघडं ठेवून नळाकडे पाहिलं. मग आईकडे. मग पुन्हा नळाकडे.

पाइपात शहारा आला. पाणी आलं. ठकी खदखदून हसली.

त्यानंतर दोघींना दुसरं काही सुचेना. पाणी जाई तेव्हा दोघी श्वास रोखून बसत. येई तेव्हा ठकी हात आपटी, पाय आपटी, आणि आईच्या हाताने मान, पाठ, काखा, बोटांच्या बेचक्या एकेक करून धुतल्या जात. सगळ्या इमारतीचा श्वास येत होता, जात होता, आणि त्या दोघी त्याच्या कडेला बसल्या होत्या, नदीकाठी बसावं तशा. मधल्या एका शांततेत तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. ठकीच्या पोटावर तो स्वस्थ पडला होता, जणू दुसऱ्या कोणाचा. नळ आत्तापर्यंत कितीदा आला आणि गेला, आणि एकदाही कढत आलेला नव्हता.

बाहेर दाराची कडी वाजली, मग दारावर हातच पडला. आवाजांवरून सगळे आले होते.

“आत्ताच्या आत्ता तो मेणाचा कारभार काढा!” सेक्रेटरी. “चारही!”

“माझ्या कानात साबण आहे,” कर्नल. “मला काही ऐकू येत नाही, पण माझाही पाठिंबा आहे.”

“कुठं आहे ती? बोलवा तिला.”

तिने ठकीला जवळ ओढलं. मग बाथरूमच्या दारापाशी सासूबाईंची पावलं आली आणि थांबली. आत नाही आल्या. दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या असाव्यात, कारण आवाज बाहेरच्या बाजूला गेला.

“ती बाळाला न्हाऊ घालतेय. झालं की येईल. तोवर बसा. खुर्च्या आहेत.”

“अहो, पण आम्ही साबण...”

“साबणानं कोणी मेलं नाही. बसा म्हणते ना.”

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. एक, मग दुसरी. ओल्या टॉवेलातली वजनदार माणसं प्लास्टिकवर बसल्याचा आवाज. गाण्याच्या बाईंनी कोणालातरी विचारलं, “तुमच्याकडे आलं का हो आत्ता?” आणि कोणीतरी म्हणालं, “आत्ताच गेलं.” अख्खी इमारत तिच्या बैठकीत बसून राहिली.

ठकीच्या अंगावर साबणाचा एक बुडबुडासुद्धा उरला नव्हता. ती लखलखीत, गुलाबी, आणि डोळे नळावर लावून बसलेली.

“झालं का गं?” सासूबाईंनी दाराआडून हळूच विचारलं.

“थोडा साबण राहिलाय, आई,” ती म्हणाली, आणि पाइपावर हात ठेवून दोघी वाट बघू लागल्या.